लॅटिस एनर्जी एवढी मोठी, तरी मीठ चमच्याने विरघळतं कसं?

प्रश्न बारावीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचा एक ठरावीक मोठा गठ्ठा) ४९६ किलोज्यूल लागतात आणि क्लोरीन तो घेताना फक्त ३४९ परत देतो. हा तर आतबट्ट्याचा व्यवहार, मग मीठ बनतंच का? दुसरं, मिठाची लॅटिस एनर्जी, म्हणजे स्फटिक फोडून त्यातले आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटे करायला लागणारी ऊर्जा, ७८८ आहे, तर इतकी घट्ट बांधलेली वस्तू वाटीभर पाण्यात नुसत्या चमच्याने कशी विरघळते? आणि तिसरं, एका पुस्तकात +७८८ छापलंय, दुसऱ्यात −७८७. परीक्षेत काय लिहू?

पंचवीसेक वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतोय, आणि हे तीन प्रश्न एकत्र विचारणारी मुलं मला फार थोडी भेटली. बहुतेकांना पहिला प्रश्न पडतच नाही, कारण आम्हीच शिक्षक नववीपासून सांगत आलेलो असतो की सोडिअमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचा असतो’ आणि क्लोरीनला ‘हवा असतो’. सोडिअमला काहीही द्यायचं नसतं. त्याच्याकडून तो इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. तुला हे खटकलं, हे उत्तम झालं.

आधी तोटा भरून कुठे निघतो ते बघू. इलेक्ट्रॉनची देवघेव झाली की हातात दोन आयन येतात, एक धन आणि एक ऋण. ते एकमेकांपासून लांब असतील तर तोटा खरोखरच आहे: ४९६ वजा ३४९, म्हणजे १४७ किलोज्यूल. पण ते लांब राहत नाहीत. मिठाच्या स्फटिकात शेजारच्या सोडिअम आणि क्लोराईड आयनांच्या केंद्रांमधलं अंतर २८२ पिकोमीटर असतं. विद्युतभारांमधली ओढ सांगणाऱ्या कूलोमच्या सूत्रात हे अंतर घालून पाहिलंस तर एका मोल जोड्यांमागे सुमारे ४९३ किलोज्यूल आकर्षणाचे मिळतात. नुसती एक-एक जोडी जवळ आणली तरी १४७ चा खड्डा भरून वर बरंच उरतं.

स्फटिकात तर जोड्या नसतातच. कुठलाही एक सोडिअम आयन घे. त्याच्या सहा बाजूंना सहा क्लोराईड आहेत, ते त्याला ओढतात. त्यांच्या पलीकडे, थोडे तिरपे, बारा सोडिअम आहेत, ते ढकलतात. त्याहून लांब आठ क्लोराईड, पुन्हा ओढणारे. मग सहा सोडिअम. ओढ, ढकल, ओढ, ढकल अशी ही बेरीज-वजाबाकी स्फटिकाच्या टोकापर्यंत चालते आणि शेवटी एका आकड्यावर येऊन थांबते: १.७४७६. याला माडेलुंग स्थिरांक म्हणतात. एर्विन माडेलुंगने तो १९१८ मध्ये काढला. अर्थ असा, की ही अख्खी आरास एकट्या जोडीच्या पावणेदोनपट आकर्षण देते. ४९३ ला १.७४७६ ने गुण, ८६१ येतात. यातून आठ-नऊ हिश्शांपैकी एक हिस्सा कमी कर, कारण आयन फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांना रेटतात. उरतात साधारण ७५० ते ७६५. प्रत्यक्ष आकडा ७८७-७८८ आहे. अंतर आणि विद्युतभार यापलीकडे फारसं काही न वापरता आपण तीन-पाच टक्क्यांपर्यंत पोहोचलो. मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा जमला तेव्हा मिठाच्या डब्याकडे बघण्याची नजरच बदलली होती.

आता हा ७८८ आला कुठून? इथे पुस्तकं एक गोष्ट गिळून टाकतात: लॅटिस एनर्जी थेट मोजता येत नाही. व्याख्या सांगते की एक मोल घन मिठाचे सुटे सोडिअम आयन आणि क्लोराईड आयन वायुरूपात करायला लागणारी ऊर्जा. करून बघ! मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याहून बरंच तापवलं तर त्याची वाफ होते, पण वाफेत सुटे आयन नसतात. सोडिअम क्लोराईडच्या जोड्या आणि दोन-दोन जोड्यांच्या गोळ्या असतात. व्याख्येतली क्रिया कुठल्याच भट्टीत घडत नाही. म्हणून आडवाटेने जावं लागतं. रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गला सांगितलं होतं की सुरुवात आणि शेवट ठरलेला असेल तर वाट कुठलीही घ्या, एकूण उष्णता तीच. त्याच्या आधारावर १९१९ मध्ये जर्मनीत माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी ही आडवाट आखून दिली. तेच बोर्न-हाबर चक्र.

ते चक्र मी फळ्यावर जमाखर्चासारखं मांडतो. घन सोडिअमचं संप्लवन करून, म्हणजे थेट वायू करून, सुटे अणू करायला १०८.४ खर्च. क्लोरीनच्या रेणूचा बंध तोडायला २४२ लागतात, पण आपल्याला एकच अणू हवा म्हणून निम्मे, १२१. सोडिअमच्या आयनीभवनाला, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला, ४९६. एकूण खर्च ७२५.४. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला, ३४८.६ जमा. अजून ३७६.८ ची तूट आहे. आणि तरीही सोडिअम आणि क्लोरीन यांच्यापासून मीठ बनताना कॅलरीमापीत मोजलेली उष्णता ४११.२ बाहेर पडते. तूट भरून वर ४११.२ शिल्लक टाकणारी जमा किती असेल? ३७६.८ अधिक ४११.२, म्हणजे ७८८.०. हीच लॅटिस एनर्जी. दशांश सोडून सगळे आकडे पूर्णांकात घेतलेस तर ७८७ येतात. तुझ्या दोन पुस्तकांतला एका किलोज्यूलचा फरक इतकाच.

त्या १२१ वर जरा थांब. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भर वर्गात अख्खे २४२ लिहिले, उत्तर ९०९ आलं, आणि ‘बघा, किती प्रचंड आकर्षण’ म्हणून मी ते समजावूनही सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे विचारलं, ‘सर, दुसऱ्या क्लोरीनचं काय झालं?’ तेव्हापासून मी प्रत्येक पायरीपुढे किती मोल ते लिहितो आणि मुलांनाही लिहायला लावतो. मॅग्नेशिअम क्लोराईडच्या गणितात याच्या उलट चूक होते: तिथे क्लोरीनचे दोन्ही अणू लागतात, तेव्हा २४२ पूर्ण घ्यायचे आणि इलेक्ट्रॉन-ग्रहणाचे ३४९ दुप्पट करायचे. मुलं सवयीने तिथेही निम्मे करतात.

चिन्हाचं सांगून टाकतो, त्यात फार काही नाही. स्फटिक फोडायला लागणारी ऊर्जा म्हणशील तर धन, आयनांपासून स्फटिक बनताना बाहेर पडणारी म्हणशील तर ऋण. दोन्ही बरोबर. उत्तराच्या पहिल्या ओळीत तू कुठली व्याख्या घेतोस ते लिही आणि शेवटपर्यंत तीच धर. चक्र अर्ध्यावर आल्यावर व्याख्या बदलणाऱ्यांचे मार्क जातात, चिन्हामुळे नाही. आणि लॅटिस एनर्जी की लॅटिस एन्थाल्पी, यावरूनही डोकं पिकवू नकोस. मिठासाठी त्या दोघींत खोलीच्या तापमानाला जेमतेम पाच किलोज्यूलचा फरक पडतो.

तुझ्या पहिल्या प्रश्नाला जोडूनच एक प्रश्न तू विचारायला हवा होतास. मॅग्नेशिअमचा एकच इलेक्ट्रॉन काढून, एकाच क्लोरीनबरोबर, मिठासारखा स्फटिक का बनत नाही? दुसरा इलेक्ट्रॉन काढायला १४५१ किलोज्यूल लागतात. एवढा खर्च निसर्ग कशाला करतो? ‘अष्टक पूर्ण होतं’ (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात) हे उत्तर मला अजिबात आवडत नाही, कारण ते प्रश्नच परत ऐकवतं. हिशेब कर. मॅग्नेशिअमचं संप्लवन १४८, पहिलं आयनीभवन ७३८, अर्धा क्लोरीन १२१, त्यातून ३४९ वजा: तूट ६५८. अशा काल्पनिक स्फटिकाची लॅटिस एनर्जी मिठाइतकी, समजा ७७०, धरली तर शंभर-सव्वाशे किलोज्यूल सुटतात. म्हणजे हा पदार्थ बनण्यात तसा तोटा नाही! आता खरं मॅग्नेशिअम क्लोराईड बघ. दोन्ही इलेक्ट्रॉन काढायचा खर्च मोठा, पण आयनावरचा भार दुप्पट झाल्यामुळे लॅटिस एनर्जी अडीच हजारांच्या घरात जाते, आणि शेवटी ६४१ सुटतात. एकेरी क्लोराईडचे दोन मोल बनवलेस तरी सव्वादोनशेच्या आसपास मिळणार. तेच घटक एक मोल मॅग्नेशिअम क्लोराईड आणि एक मोल मोकळा मॅग्नेशिअम अशी वाटणी करून बसले तर ६४१. एकेरी क्लोराईडचा स्फटिक बनला तरी क्षणभरही टिकणार नाही, तो स्वतःहून अशी वाटणी करून मोकळा होईल.

मग सोडिअमनेही दोन इलेक्ट्रॉन देऊन अडीच हजार का कमावू नयेत? कारण त्याचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला आहे आणि तो काढायला ४५६२ लागतात. हिशेब केलास तर दोन हजारांहून जास्त तूट येते. अष्टकाचा नियम हा या जमाखर्चाचा निकाल आहे. मुलं त्याला कारण समजतात.

दुपटीची ही गंमत मॅग्नेशिअम ऑक्साईडमध्ये कळसाला जाते. ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन घ्यायला लावायचा तर उलट आपल्याच खिशातून सात-आठशे किलोज्यूल घालावे लागतात, तरीही सौदा फायद्याचा ठरतो. कारण दोन्हीकडे दुहेरी भार म्हणजे आकर्षण चौपट, आणि आयन लहान म्हणून अंतरही २१० पिकोमीटरच. लॅटिस एनर्जी ३८०० च्या आसपास. वितळणबिंदू २८५२ अंश. पोलादाच्या भट्ट्यांना आतून मॅग्नेशिआच्या, म्हणजे याच ऑक्साईडच्या, विटा लावतात त्या यामुळेच.

आता चमचा. ७८८ किलोज्यूल तू ढवळून देत नाहीस, हे उघड आहे. ते पाणी देतं. पाण्याच्या रेणूला एक किंचित ऋण टोक आहे, ऑक्सिजनचं, आणि दोन किंचित धन टोकं, हायड्रोजनची. सोडिअम आयन सुटला की रेणू ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे करून गोळा होतात, क्लोराईडभोवती हायड्रोजनची बाजू करून. या घेराव्यातून, म्हणजे जलयोजनातून, दोन्ही आयनांची मिळून ७८४ किलोज्यूल ऊर्जा सुटते. ७८८ लागले, ७८४ मिळाले. अख्ख्या व्यवहारात तूट फक्त ४ किलोज्यूलची. ती पाणी स्वतःच्या उष्णतेतून भरतं, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. ही किरकोळ तूट असूनही क्रिया पुढे जाते ती एन्ट्रॉपीमुळे: रांगेत उभे आयन द्रावणभर पसरतात, आणि २५ अंशाला त्या पसरण्याची किंमत मोलमागे जवळपास १३ किलोज्यूल भरते. चारच्या तुटीपुढे तेरा पुष्कळ झाले.

या उत्तरात मला खरं सांगायचंय ते हेच चार किलोज्यूल. ७८८ मध्ये एक टक्क्याची चूक झाली तर ती आठ किलोज्यूलची, म्हणजे ज्या फरकाबद्दल आपण बोलतोय त्याच्या दुप्पट. दोन प्रचंड आकडे जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरलेल्या चिमूटभर फरकावर पाणी गार होणार की गरम हे ठरतं. म्हणून ‘लॅटिस एनर्जी जास्त, म्हणून विरघळत नाही’ असं एकाच आकड्यावर बोट ठेवून लिहिलेलं वाक्य मी उत्तरपत्रिकेत दिसलं की लाल पेन उचलतो.

बेरिअम सल्फेट घे. पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला पाजतात ते पांढरं दाट पेय त्याचंच. बेरिअम आयन विषारी आहे, तरी ते पाजता येतं, कारण बेरिअम सल्फेट पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मॅग्नेशिअम सल्फेट मात्र सहज विरघळतं. गंमत अशी की मॅग्नेशिअम सल्फेटची लॅटिस एनर्जी बेरिअम सल्फेटपेक्षा जास्त आहे! सल्फेट आयन स्वतःच इतका मोठा, की धन आयन लहान असो वा मोठा, केंद्रांमधल्या अंतरात फार फरक पडत नाही. लॅटिस एनर्जी उतरते, पण हळू. जलयोजनाला मात्र धन आयनाच्या आकाराची थेट झळ बसते: मॅग्नेशिअमचं सुमारे १९२०, बेरिअमचं १३०० च्या आसपास. सहाशेची जमा गेली, हिशेब उलटला. हायड्रॉक्साईडमध्ये ऋण आयन लहान, तिथे लॅटिस एनर्जीच झपाट्याने उतरते, आणि क्रम बरोबर उलटा लागतो: मॅग्नेशिअमचं हायड्रॉक्साईड न विरघळता पांढऱ्या दुधासारखं राहतं (पित्तावर घ्यायचं मिल्क ऑफ मॅग्नेशिआ), बेरिअमचं विरघळतं.

माझ्या मेहुण्यांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. एका डिसेंबरात त्यांच्याकडे गेलो होतो. पहाटे ठिबकमधून सोडण्यासाठी ते ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ कालवत होते. शंभर लिटरचा ड्रम, त्यात पंचवीस किलोची गोणी. हे खत म्हणजे आपलं पोटॅशिअम नायट्रेट. ड्रमच्या बाहेरून दव सुटलं होतं, हात घातला तर बोटं बधिर झाली, आणि तळाशी अर्धवट न विरघळलेला गाळ तसाच. मेहुणे म्हणाले, ‘माल भेसळीचा दिसतोय.’ माल चोख होता. पोटॅशिअम नायट्रेट विरघळताना मोलमागे सुमारे ३५ किलोज्यूल पाण्यातून ओढून घेतं. निफाडच्या थंडीत पाणी आधीच गार, त्यात हे आणखी उष्णता ओढणार. पाणी जितकं गार तितकं हे कमी विरघळतं: शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम १३ ग्रॅम, २० अंशाला ३२, उकळत्या पाण्यात २४६. ड्रम स्वतःच स्वतःचा रस्ता अडवत होता. दुपारी उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी घ्या आणि खत थोडं थोडं सोडा, एवढंच मी सांगितलं. त्यांनी गाळ विरघळलेला पाहिला तरी दुकानदारावरचा संशय काही पूर्ण गेला नाही.

याच्याशेजारी मीठ ठेव. शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम, १०० अंशाला ३९. तापमानाचा जवळपास परिणामच नाही, कारण तूट फक्त चारची. म्हणून तर मीठ गार करून बाहेर काढता येत नाही. वसई, उरणकडच्या मिठागरांत खाऱ्या पाण्याचे वाफे उन्हात आटवत ठेवतात, थंडीची वाट बघत नाहीत. पोटॅशिअम नायट्रेट शुद्ध करायचं असेल तर गरम द्रावण गार केलं की काम होतं.

आणि बेरीज दुसऱ्या बाजूला झुकली तर? निर्जल कॅल्शिअम क्लोराईडची लॅटिस एनर्जी बावीसशेच्या पुढे आहे, मिठाच्या जवळपास तिप्पट. तरी ते विरघळताना मोलमागे ८० च्या वर किलोज्यूल बाहेर टाकतं, चंचुपात्र हातात धरवत नाही. दुहेरी भाराच्या लहान कॅल्शिअम आयनाला पाणी इतकं घट्ट धरतं की जलयोजनाची जमा खर्चाच्या वर जाते. पावसाळ्यात कपाटात टांगायच्या, ओल शोषून खाली पाणी साठवणाऱ्या पिशव्यांत बहुधा हेच असतं.

लॅटिस एनर्जीच्या अंदाजाने एकदा अख्ख्या शाखेची समजूत मोडली, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटला दिसलं की प्लॅटिनम हेक्साफ्लोराईड ऑक्सिजनच्या रेणूचासुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेतं. ऑक्सिजन रेणूची आयनीभवन ऊर्जा ११६५ च्या आसपास. त्याने तक्त्यात पाहिलं, झेनॉनची ११७०. खर्च सारखाच, आयनांचे आकारही फार वेगळे नाहीत, म्हणजे लॅटिस एनर्जीची जमाही तितकीच येणार. मग झेनॉनचं संयुग का बनू नये? मार्च १९६२ मध्ये त्याने दोन्ही वायू एकत्र आणले आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. झेनॉनसारखे राजवायू कशाशीच संयोग पावत नाहीत, हे वाक्य त्यानंतर पुस्तकांतून काढावं लागलं. अष्टकाच्या भरवशावर बसलेल्या कुणाला हे सुचलं नसतं. त्याने आयनीभवनाचा खर्च आणि लॅटिसची जमा शेजारी ठेवून पाहिली.

घरी करून बघायचं असेल तर तापमापी, एक लिटर पाणी आणि स्वयंपाकघरातलं मीठ पुरे. ५८ ग्रॅम मीठ घालून ढवळ, पारा जेमतेम एक अंशाच्या आतच उतरेल. मग खताच्या दुकानातून तेरा शून्य पंचेचाळीसची छोटी पुडी आण, दुसऱ्या एक लिटर पाण्यात १०१ ग्रॅम टाक. सात-आठ अंश उतरायला हवेत. दोन्ही वेळा पाणी खोलीच्या तापमानाचंच घे, फ्रिजमधलं नको, आणि ते दुसरं भांडं स्वयंपाकघरातलं वापरू नकोस.